वाचकांचे प्रश्न: विहिरीतले स्फटिक, देवघरातला शाळिग्राम, शाळेतलं दगडांचं प्रदर्शन

खान्देशातले दगड, खनिजं आणि जीवाश्म यांवर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. त्यात विहिरींची पत्रं सर्वांत जास्त आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : जामनेर तालुक्यात आमच्या विहिरीचं काम चालू आहे. काळ्या पाषाणात सुरुंग लावल्यावर एक पोकळी उघडी पडली. आत पांढरे आणि गुलाबी चकाकते खडे भिंतीला चिकटलेले आहेत. कोणी हिरा म्हणतं, कोणी गारगोटी. हे काय आहे, आणि साफ कसं करायचं?

उत्तर : हिरा नक्की नाही, तो आपल्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, अशा पोकळीत बनत नाही. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरले. लाव्हा थिजताना त्यातल्या वायूचे बुडबुडे आत अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे खडकात मुरलेल्या गरम पाण्याने बेसाल्टमधली द्रव्यं विरघळवून या पोकळ्यांत आणून सोडली, त्यांचे हे स्फटिक. जळगाव भागातले असे नमुने परदेशातल्या संग्रहालयांतही मांडलेले आहेत, तेव्हा हातचं घालवू नका.

ओळख आकारावरून सुरू करा. स्फटिक मधे आवळलेला, दोन्ही टोकांना पसरलेला, गुलाबी किंवा पिवळसर आणि मोत्यासारखा चमकणारा असेल तर तो स्टिल्बाइट. चौकोनी खांब, वर चार बाजूंचं टोक किंवा सपाट माथा, आणि माथ्यावर मोतिया चमक पण बाजू काचेसारख्या, असं असेल तर अपोफिलाइट. एका बिंदूतून फुटलेल्या बारीक सुया असतील तर बहुधा स्कोलेसाइट किंवा मेसोलाइट. सहा बाजूंचा खांब, ज्यावर आडव्या बारीक रेषा दिसतात, तो क्वार्ट्झ. आपण गारगोटी म्हणतो ती यातलीच.

मग कस. तो तुटून पडलेल्या तुकड्यावर घ्या, चांगल्या नमुन्यावर नको. क्वार्ट्झ काचेवर सहज ओरखडा काढतो. बाकीच्यांना ते जमत नाही. चाकूने लगेच खरवडला गेला आणि तिरप्या चौकोनी तुकड्यांत फुटला, तर कॅल्साइट असण्याची शक्यता मोठी. त्याची थोडी पूड करून वर स्वयंपाकातल्या व्हिनेगरचे दोन थेंब टाका. बुडबुडे आले तर कॅल्साइट. स्टिल्बाइट, अपोफिलाइट, स्कोलेसाइटला बुडबुडे येत नाहीत.

काढताना जी चूक होते ती जवळजवळ सगळीकडे एकच: स्फटिकाच्या बुडाशी छिन्नी लावून तो सुटा करायला जातात. अपोफिलाइट आडवा सरळ चिरतो, स्टिल्बाइटचे पापुद्रे निघतात, आणि हातात चुरा येतो. छिन्नी स्फटिकापासून किमान एक वीत लांब, काळ्या दगडावर ठेवा. भोवती खाच पाडत जा आणि दगडासकट तुकडा उचला. संग्राहक मोल देतात ते दगडाला धरून असलेल्या अखंड स्फटिकाला. सुट्या तुटक्या खड्यांना फारसं कोणी विचारत नाही. तुकडा आधी मऊ कागदात, मग गोणपाटात गुंडाळा आणि स्फटिकाची बाजू वर ठेवून न्या. सुरुंगानंतर विहिरीच्या भिंतीतले दगड ढिले असतात, म्हणून ठेकेदाराने पहारीने ते पाडून टाकल्याशिवाय खाली उतरू नका, आणि उतरताना डोक्यावर हेल्मेट हवंच. खडे विकण्यासाठी मुद्दाम खोदकाम करायचं असेल तर आधी तहसील कार्यालयात परवानगीचं विचारा.

धुण्याला घाई नको. साध्या, थंड पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, म्हणजे माती आपोआप सुटते. मग लहान मुलांचा मऊ टूथब्रश आणि भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब पुरे. पुन्हा स्वच्छ पाण्यातून काढून सावलीत वाळवा. उकळतं पाणी नको, तडे जातात. संडास साफ करायचं ॲसिड तर घरातल्या दुसऱ्या कोणी ओतू नये म्हणून आधीच लपवून ठेवा: त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. त्याने कॅल्साइट विरघळतो, स्टिल्बाइट आणि अपोफिलाइटची चमक कायमची जाते, पृष्ठभाग पिठूळ होतो. तांबूस डाग राहिला तर राहू द्या. सुयांच्या झुपक्याला ब्रश आणि पाणी दोन्ही लावू नका, रबरी फुंकणीने धूळ उडवा.

एक खनिज मात्र नीट सांभाळूनही हातातून जातं. पांढरे, लांबट खांब विहिरीतून काढल्यावर काही दिवसांत आपोआप पांढरट होऊन भुगा होऊ लागले तर तो लॉमोन्टाइट. कोरड्या हवेत त्यातलं पाणी निघून जातं. तो लगेच हवाबंद डब्यात ठेवा, सोबत ओलसर कापसाचा बोळा ठेवा आणि उन्हापासून दूर राखा.

आणि चिठ्ठी. गाव, तालुका, किती फुटांवर मिळालं, तारीख: एवढं त्याच दिवशी लिहून डब्यात टाका. अभ्यासकाच्या दृष्टीने चिठ्ठी नसलेला सुंदर नमुना हा चिठ्ठी असलेल्या साध्या नमुन्यापेक्षा कमी कामाचा असतो, कारण तो कोणत्या थरातून आला हे नंतर दगड पाहून सांगता येत नाही.

प्रश्न : साक्रीजवळ मिळालेल्या फरशीच्या दगडात नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी आहे. वनस्पतीचा जीवाश्म आहे का?

उत्तर : बहुधा नाही. दगडाच्या भेगेत मँगनीजयुक्त पाणी शिरून अशी फांद्याफांद्यांची नक्षी तयार होते. भिंगातून पाहा. पानाला मधली शीर असते आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना ठरावीक अंतराने शिरा निघतात. मँगनीजच्या नक्षीत शीर नसते, फांद्या कशाही फुटतात आणि बहुतेक वेळा भेगेच्या कडेपासून आत वाढतात.

प्रश्न : खान्देशात डायनासोरचे जीवाश्म मिळतील का? आमच्या शेतात गोल अंड्यासारखे दगड निघतात.

उत्तर : अंड्यांची शंका आधी मिटवू. बेसाल्ट भेगांच्या चौकोनी तुकड्यांत झिजतो, कोपरे लवकर कुजतात आणि मधे गोल गाभा राहतो. त्याचे थर कांद्यासारखे एकाखाली एक निघतात. डायनासोरच्या अंड्याचं कवच मात्र काही मिलिमीटरचं असतं, आणि त्यावर भिंगातून बारीक छिद्रं दिसतात. तुमच्या दगडाचे चार-पाच पापुद्रे निघत असतील तर ते अंडं नव्हे. काळ्या मातीतल्या चुनखडीच्या गाठीही हाडासारख्या किंवा बटाट्यासारख्या आकाराच्या होतात, त्यांनीही फसू नका.

डायनासोरची हाडं लाव्हात मिळत नाहीत. लाव्हाच्या आधी साचलेल्या, किंवा दोन लाव्हांच्या मधे साचलेल्या गाळाच्या खडकांत ती मिळतात. आपल्याकडे असे थर असलेच तर ते लाव्हाखाली खोल गाडले गेले आहेत. शिरपूरहून सेंधव्याचा घाट चढून नर्मदा ओलांडली की धार जिल्ह्यात असे खडक उघडे पडले आहेत आणि तिथे डायनासोरची अंडी सापडली आहेत. राजासॉरस हा मांसाहारी डायनासोर गुजरातमधल्या राहिओलीच्या हाडांवरून २००३ मध्ये नाव देऊन नोंदवला गेला. त्याच्या पूर्ण शास्त्रीय नावातच, राजासॉरस नर्मदेन्सिस, नर्मदा आहे. महाराष्ट्रात पाहायचं तर चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा.

खान्देशचं वैभव वेगळ्या काळाचं आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७० च्या दशकात केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याचं कवच आणि त्याचे मणी मिळाले. एका तुकड्यावर माणसाने कोरलेल्या रेषा आहेत, वय सुमारे २५,००० वर्षं. गिरणा खोऱ्यात तेव्हा शहामृग होते, ही गोष्ट चाळीसगावच्या शाळांत प्रत्येक वर्गात सांगितली गेली पाहिजे.

तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठच्या जुन्या गाळाच्या दरडीत हाडासारखं काही दिसलं तर ओढून काढू नका. शेजारी पेन किंवा नाणं ठेवून फोटो घ्या, मोबाइलवर जागा नोंदवा, वर माती सारून झाका, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूगोल किंवा भूशास्त्र विभागाला, नाहीतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवा.

प्रश्न : देवघरातला शाळिग्राम जीवाश्म असतो म्हणतात. रोज पंचामृताचा अभिषेक केला तर चालेल का? (धुळे)

उत्तर : नेपाळातल्या काली गंडकीचा खरा शाळिग्राम हा बहुतेक वेळा अमोनाइट या समुद्री प्राण्याचा जीवाश्म असतो. हिमालयाच्या जागी समुद्र होता तेव्हाचा, साधारण १४ ते १६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातलं चक्र म्हणजे त्या प्राण्याच्या शंखाची वेटोळी.

अभिषेक अवश्य करा. काळजी त्यानंतरच्या दहा मिनिटांची आहे. दह्यातलं आम्ल आणि मधाची साखर भेगांत राहिली तर हळूहळू दगड खातात आणि बुरशी धरते, म्हणून लगेच भरपूर साध्या पाण्याने धुवा, मऊ सुती कापडाने टिपा आणि वाळल्यावरच संपुष्टात ठेवा. चिंच, लिंबू किंवा पितांबरीने घासू नका. सोनेरी चकाकी दिसत असेल तर ते पायराइट. ओलाव्यात ते कुजतं, पिवळसर-पांढरी पूड सुटते आणि चीर पडते. असा शाळिग्राम दमट जागी मुळीच ठेवू नये. पावसाळ्यात अभिषेकाऐवजी तुळशीपत्र वाहणं दगडाच्या हिताचं.

प्रश्न : शिरपूरच्या आमच्या शाळेत २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त एक दिवसाचं दगड-जीवाश्म प्रदर्शन करायचं आहे. कशी आखणी करावी?

उत्तर : नमुने कमी ठेवा, चाळीसच्या वर नकोत. शंभर दगड मांडले की मुलं एकही पाहत नाहीत. प्रत्येकाला तीन ओळींची पाटी: नाव, गाव, आणि काय पाहायचं. जांभळा क्वार्ट्झ खिडकीच्या उन्हात मांडू नका, दिवसागणिक फिकट होतो.

गर्दी खेचतं ते ‘तुमचा दगड आणा, आम्ही ओळखतो’ हे टेबल. तिथे दोन माणसं हवीत: एक ओळखणारा, एक नोंद करणारा. दगड हातात घेण्याआधी क्रमांकाची चिठ्ठी द्या आणि तोच क्रमांक दगडाच्या खोक्यावर टाका, नाहीतर दुपारपर्यंत कोणाचा दगड कोणाकडे याचं भांडण होतं. साहित्य: १० पट मोठं दाखवणारं भिंग, काचेचा तुकडा, लोखंडी खिळा, फरशीची खरखरीत उलटी बाजू (दगड घासून रेघेचा रंग पाहायला), व्हिनेगर आणि ड्रॉपर. भिंग डोळ्याला लावायचं आणि दगड भिंगाजवळ आणायचा. मुलं उलटं करतात आणि काही दिसत नाही म्हणतात. छोटा जोरदार चुंबक दोऱ्याला टांगून त्याच्याजवळ काळा पाषाण न्या, चुंबक हलकेच ओढला जातो, कारण बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. हे मुलांनी स्वतः करावं.

जीवाश्माची प्रत करण्यासाठी तापीतले शिंपले आणि शाडू माती घ्या. मातीची दोन सेंटिमीटर जाड वडी थापा, शिंपल्याला तेलाचं बोट फिरवून दाबा आणि सरळ वर उचला. दर मुलामागे १०० ग्रॅम प्लास्टर ऑफ पॅरिस आणि साधारण ६५ मिलिलिटर पाणी धरा, म्हणजे पन्नास मुलांना ५ किलो. पाण्यात प्लास्टर भुरभुरवा. प्लास्टरवर पाणी ओतलं की गुठळ्या होतात. मिनिटभर मुरू द्या, मग हळू ढवळा. जोरात ढवळलं तर बुडबुडे प्रतीत छिद्रं पाडतात. एका वेळी पाच-सहा मुलांपुरतंच कालवा, भांड्यातच थिजतं. अर्ध्या तासात प्रत निघते. मागच्या पावसाळ्यातलं उघडं पोतं वापरलं तर ती भुसभुशीत होईल, कारण प्लास्टरने हवेतला ओलावा आधीच घेतलेला असतो.

एक गोष्ट शिक्षकांनी डोळ्यांत तेल घालून पाहावी. प्लास्टर थिजताना तापतं. हाताचा ठसा घेण्यासाठी मुलाचा हात त्यात बुडवून ठेवायचा नाही, गंभीर भाजतं. उरलेलं प्लास्टर बेसिनमध्ये न ओतता पोत्यावर पसरून टाका, नाहीतर पाइप तुंबतो.

प्रश्न : हे स्फटिक चांगल्या मांडणीत कुठे पाहायला मिळतील?

उत्तर : सिन्नरचं ‘गारगोटी’ संग्रहालय, नाशिक-पुणे रस्त्यावर. वर वर्णन केलेली बहुतेक खनिजं तिथे आहेत. शाळेची सहल न्यायची तर वेळ आणि शुल्क आधी फोन करून विचारा, आणि मुलांना आधी आकारांची चित्रं काढायला लावा. चौकोनी खांब आणि सहा बाजूंचा खांब यांतला फरक माहीत असेल तर तीच कपाटं मुलं दुप्पट वेळ पाहतात.