तुमचा भाचा कॅलिफोर्नियात घर घेतोय, म्हणून तुम्ही विचारलंत: तिकडच्या घरपट्टीत ‘मेलो-रूस’ नावाची वेगळी रक्कम कसली? आपल्या बेळगावात तसं काही आहे का?

आधी तिकडचं. 1978 च्या प्रॉपोझिशन 13 नं कॅलिफोर्नियात मूळ घरपट्टी घराच्या करमूल्याच्या 1 टक्क्यावर अडवली. मग नव्या वसाहतीचे रस्ते, गटारं, शाळा कुठून करायच्या? 1982 च्या मेलो-रूस कायद्यानं वाट काढली. नकाशावर एक हद्द आखायची, आतल्या मतदारांची दोन तृतीयांश संमती घ्यायची, रोखे काढून काम उरकायचं आणि फेड त्याच हद्दीतल्या घरमालकांकडून वर्षानुवर्षं वसूल करायची. आकारणी घराच्या किमतीवर नसते, बहुधा क्षेत्रफळावर किंवा घराच्या प्रकारावर असते. गंमत म्हणजे हद्दीत 12 पेक्षा कमी मतदार असले तर जमीनमालक एकराला एक मत देतात. म्हणजे मोकळ्या रानावर बिल्डरच कर मंजूर करतो, भरतो मात्र पुढं घर घेणारा! तुमच्या भाच्याला सांगा, घर घेण्याआधी हा कर किती वर्षं चालणार ते विचार.

आपल्याकडं असं नाही. महापालिकेच्या घरपट्टीच्या चलनावर सेस (उपकर) असतात: आरोग्य 15, ग्रंथालय 6, भिक्षुक (भिकाऱ्यांसाठीचा) 3 टक्के, तेही कराच्या रकमेवर. पण टिळकवाडी असो की वडगाव, दर तोच. अनगोळच्या गटारासाठी अनगोळकरांनीच मत देऊन जादा पट्टी लावून घेतली, असं इथं होत नाही. आणि हो, एप्रिलमध्ये घरपट्टी पूर्ण भरली तर 5 टक्के सूट मिळते, ती सोडू नका.