वाहन-विचारणा : इंजिनाभोवतीचे प्लास्टिक धातूचे करावे का?

प्रश्न : माझ्याकडे २००४ सालची, तीन लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनाची बीएमडब्ल्यू झेड४ आहे. ती रोज वापरात नसते. सुटीच्या दिवशी पसरणी घाटाने पाचगणी-महाबळेश्वर किंवा यवतेश्वरमार्गे कास, एवढाच तिचा प्रवास. अलीकडे रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीला चीर गेली. आता बॉनेट उघडलेच आहे, तर प्लास्टिकचा प्रत्येक भाग ॲल्युमिनियमचा करून टाकावा, असे गॅरेजमधील मिस्त्रींचे म्हणणे आहे. गाडी इतकी कमी चालली असताना बाकीचे भाग चांगले नसतील का? — एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करणे योग्य होईल, कारण जुन्या गाड्यांच्या बाबतीत सर्वाधिक फसगत तिथेच होते. पाण्याच्या वाटेवरचे बहुतेक प्लास्टिक म्हणजे काचतंतू मिसळलेले नायलॉन असते. त्याचा वितळणबिंदू सुमारे २६० अंश सेल्सिअस असल्यामुळे शंभर अंशांच्या आसपासच्या कूलंटने (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाणी-ग्लायकॉलच्या मिश्रणाने) ते वितळत नाही. परंतु गरम पाणी आणि ग्लायकॉल त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या वर्षानुवर्षे तोडत राहतात, आणि इंजिन तापून निवण्याच्या प्रत्येक फेरीत त्या कमकुवत झालेल्या भागावर ताण येतो. त्यामुळे वीस वर्षांचा भाग दिसायला अखंड असला तरी ठिसूळ झालेला असतो, आणि पाइप काढण्यासाठी थोडा जोर लावला की त्याची टोके हातात तुटून येतात. अशा भागांचे आयुष्य मोजताना किलोमीटरपेक्षा वर्षे पाहावीत. टाकीला चीर गेली याचा अर्थ तिच्याच वयाचे बाकीचे भागही त्याच अवस्थेला आले आहेत असा घ्यावा.

घाटात गाडी नेणाऱ्याने दाबाचे गणितही ध्यानात ठेवले पाहिजे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे आणि तिथे साधे पाणी ९६ अंशांच्या आतच उकळते, तर आपल्या इंजिनाचा मूळ थर्मोस्टॅट (कूलंटचे तापमान राखणारी झडप) हलक्या भाराच्या वेळी कूलंट ९५ अंशांच्याही वर राखतो. ग्लायकॉलमुळे उकळण्याची मर्यादा काही अंशांनी वाढते, पण खरा आधार बंद यंत्रणेतील दाबाचा असतो. चढावर एखादी नळी फुटली की हा दाब क्षणात जातो, एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळचे पाणी उकळू लागते, आणि चालक थांबला नाही तर ॲल्युमिनियमचे हेड (सिलिंडरांवरचा वरचा भाग) वाकडे होते. त्या काळच्या अनेक बीएमडब्ल्यू गाड्यांत तापमानाचा काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असून बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो मध्यभागीच उभा राहतो. शिवाय सेन्सरभोवती पाणीच उरले नाही तर तो खरे तापमान दाखवू शकत नाही. म्हणून घाटात जाताना गाडीतील दोष तपासण्याच्या (ओबीडी) पोर्टला जोडायचे, आकडे दाखवणारे एक साधे यंत्र लावून तापमानाचा प्रत्यक्ष आकडा समोर ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आता मिस्त्रींच्या सल्ल्याविषयी. तो अर्धा बरोबर आहे. जिथे गरम पाणी दाबाखाली वाहते, भाग हाताला सहज लागत नाही आणि तो फुटल्यास इंजिन धोक्यात येते, तिथे धातूवर केलेला खर्च सार्थकी लागतो. आपल्या इंजिनात इनटेक मॅनिफोल्डखाली (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या संचाखाली) दडलेल्या पाण्याच्या नळ्या या वर्गात सर्वांत आधी येतात, कारण मॅनिफोल्ड उतरवल्याशिवाय त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नाही. वॉटर पंप बदलताना धातूच्या इम्पेलरचा (पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाचा) घ्यावा, मात्र नामांकित बनावटीचाच. हलक्या पंपाचे बेअरिंग सैल झाले तर धातूची पाती आतल्या भिंतीला घासून वेगळेच नुकसान करतात. रेडिएटर पूर्ण ॲल्युमिनियमचा, वेल्डिंग केलेल्या टाक्यांचा बसवता येतो, परंतु मूळ प्रकारचा नवा रेडिएटर बसवला तरी माझी हरकत नाही, कारण तोही दीर्घकाळ टिकतो आणि पंख्याचे आवरण, सेन्सर व कंस त्यावर अचूक बसतात. याच इंजिनात हवेच्या वाटेवर ‘डिसा’ नावाची प्लास्टिकची झडप आहे. तिची पिन झिजून निसटली तर तुकडे थेट सिलिंडरकडे ओढले जाऊ शकतात. तिच्यासाठी ॲल्युमिनियमच्या झडपेचे दुरुस्ती संच मिळतात आणि तो खर्च मी टाळणार नाही.

उरलेल्या अर्ध्या सल्ल्याला मात्र माझा विरोध आहे. आपल्या इंजिनाचा थर्मोस्टॅट आणि त्याचे आवरण हे एकच एकक असून त्याच्या आत इंजिनाच्या संगणकाने चालवायचा तापक असतो; तो काढून धातूचे आवरण व साधा थर्मोस्टॅट बसवल्यास संगणक दोष नोंदवतो आणि तापमानाचे मूळ नियोजनही मोडते. तिथे नवे मूळ एककच बसवावे. एक्स्पान्शन टँकच्या (तापून प्रसरण पावलेले कूलंट सामावून घेणाऱ्या टाकीच्या) बाबतीतही मी प्लास्टिकच्याच बाजूचा आहे, कारण ॲल्युमिनियमच्या स्वस्त टाक्या कंपनांमुळे वेल्डिंगच्या शिवणीवर तडकतात. त्यापेक्षा ठरावीक वर्षांनी नवी टाकी आणि तिच्यासोबत दाबाचे नवे झाकण घ्यावे. टाकी आधी फुटते म्हणून इंजिन वाचते, हा समज खरा नाही. जादा दाब सोडण्याचे काम झाकणातील झडप करते आणि टाकी फुटल्यावर इंजिनाचा धोका वाढतोच. हवा काढण्याचा स्क्रू पितळी बसवण्याची पद्धत रूढ आहे, पण प्लास्टिकच्या आट्यांत पितळी स्क्रू जोराने आवळल्यास आटे जातात, तेव्हा तो हलक्या हातानेच फिरवावा. टायमिंग चेनचे मार्गदर्शक पॉलिमरचेच हवेत, कारण साखळी धातूवर घासून चालणार नाही. ही सर्व कामे करताना रबरी पाइप आणि ओ-रिंगा (सांध्यांतून गळती रोखणाऱ्या गोल रबरी कड्या) जुन्या ठेवल्यास धातूवर केलेला खर्च वाया जाईल.

निर्मातेही काही वेळा याच निष्कर्षाला आले आहेत. पोर्शेच्या केयेनमध्ये, २००३ ते २००६ च्या व्ही८ इंजिनावर, इनटेकखालून जाणाऱ्या कूलंटच्या नळ्या प्लास्टिकच्या होत्या. त्या गळू लागल्यावर कंपनीने स्वतःच ॲल्युमिनियमच्या नळ्या उपलब्ध करून दिल्या. गाडीतले बाकीचे प्लास्टिक मात्र त्यांनी तसेच ठेवले.

प्रश्न : माझ्या जुन्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसच्या हेडला बसणारा कूलंटचा प्लास्टिक फ्लँज (पाइप जोडण्याचा तुकडा) वारंवार गळतो. कुपवाड एमआयडीसीतील एका लेथवर तो ॲल्युमिनियममध्ये करून मिळेल. त्यांच्याकडूनच पंपाचा इम्पेलरही करून घ्यावा का? — एक वाचक, सांगली

उत्तर : फ्लँज करून घ्यावा, इम्पेलर नाही. किर्लोस्करवाडीला १९१० मध्ये कारखाना उभा राहिल्यापासून आजच्या सांगली जिल्ह्याच्या परिसराला पंप आणि ओतकामाची ओळख आहे, त्यामुळे कारागिरीविषयी मला शंका नाही. परंतु एकच नग करताना इम्पेलरचा तोल, पात्यांचा कोन आणि शाफ्टवरची घट्ट बैठक साधणे परवडत नाही. आपल्या १.८ लिटर टर्बो इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर चालतो, म्हणजे पंप अडकला तर बेल्टही जाऊ शकतो. तयार पंप घेऊन तो बेल्टसोबतच बदलावा.

फ्लँजसाठी वाळूच्या साच्यातील ओतीव नगापेक्षा भरीव ॲल्युमिनियममधून कापलेला नग बरा, कारण ओतीव नगात बारीक छिद्रे राहून पाणी पाझरते. खरी कसोटी ओ-रिंगच्या खाचेची आहे. तिची खोली आणि रुंदी नव्या मूळ फ्लँजवरून मोजून घ्यावी, जुन्या वाकलेल्या फ्लँजवरून नव्हे. बसणारी बाजू सपाट व गुळगुळीत असावी, आणि सेन्सरच्या क्लिपची फट विसरू नये. ओ-रिंग ईपीडीएम रबराची हवी. तेलासाठीची नायट्राइलची रिंग गरम कूलंटमध्ये लवकर कडक होते. सहा मिलिमीटरचे बोल्ट टॉर्क पान्याने साधारण १० न्यूटन-मीटरवरच थांबवावेत, कारण हेडमधील आटे गेले तर काम फार वाढते. बसवल्यावर हातपंपाने यंत्रणेत दाब भरून काही वेळ तो टिकतो का ते पाहावे आणि मगच गाडी रस्त्यावर आणावी.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण ती सांगायलाच हवी. धातूचे भाग वाढले की पाण्याची शुद्धता अधिक महत्त्वाची ठरते. बोअरच्या जड पाण्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नलिकांत साचतात, आणि क्षारयुक्त पाण्यात ॲल्युमिनियम दुसऱ्या धातूच्या सान्निध्यात लवकर गंजते. खनिजविरहित पाणी आणि कंपनीने सांगितलेल्या प्रकारचे कूलंट समप्रमाणात वापरावे, आणि दोन प्रकारची कूलंट एकत्र करू नयेत.

प्रश्न : प्लास्टिकचे इनटेक मॅनिफोल्ड काढून ॲल्युमिनियमचे बसवल्यास इंजिनाची ताकद वाढेल का? — एक वाचक, कराड

उत्तर : रोजच्या वापराच्या गाडीत नाही. ॲल्युमिनियम प्लास्टिकपेक्षा शेकडो पट अधिक उष्णता वाहून नेते, त्यामुळे इंजिनाची उष्णता आत येणाऱ्या हवेला लागते, आणि गरम हवा विरळ असल्यामुळे झालाच तर तोटा होतो. टर्बोचा दाब मूळ मर्यादेच्या फार वर नेलेल्या इंजिनात मजबुतीसाठी धातूचे मॅनिफोल्ड लागू शकते. आपल्या मॅनिफोल्डला चीर नसेल, तर त्याखालचे गॅस्केट आणि हवेच्या बारीक रबरी नळ्या नव्या घालाव्यात. जुन्या गाडीत ताकद कमी वाटण्याचे कारण पुष्कळदा तिथून शिरणारी हवा असते.