ट्रेलर ओढायचा आणि हिवाळाही काढायचा: एफ-१५० ला टायर कोणते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, काही चुकलं तर सांगा. कॅलगरीत राहता, फोर्डचा वापरलेला एफ-१५० पिकअप, सुपरक्रू फोर-बाय-फोर, घेतलाय, १८ इंची रिम. उन्हाळ्यात ५,८०० पौंडांचा ट्रॅव्हल ट्रेलर. हिवाळ्यात महिन्यातून एखादी फेरी डोंगर ओलांडून ब्रिटिश कोलंबियातल्या केलोनाला, मागे साधारण ४,५०० पौंडांचा मालाचा बंद ट्रेलर. दुकानदार म्हणतो दहा-प्लायचा (जास्त वजनाचा, ताठ) ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या-पक्क्या सगळ्या रस्त्यांसाठीचा, सेट घ्या, त्यावर हिमकणाचं चिन्हही आहे, बारा महिने बघायला नको. घ्यावा का?

मी घेणार नाही. दोन कामांना दोन सेट, आणि हिवाळ्याच्या सेटला दहा-प्लायचा हट्ट मुळीच नको. कारणं लांबलचक आहेत, चहा घेऊन बसा.

सुरुवात वजनापासून, कारण दुकानदार तिथूनच घाबरवतात. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावरच्या स्टिकरवर मागच्या एक्सलची मर्यादा लिहिलेली असते. माझ्या ट्रकवर ३,८०० पौंड आहे. तुमचा आकडा वेगळा असू शकतो. माझ्या ट्रकवर कंपनीकडून आलेला टायर होता २७५/६५आर१८, लोड इंडेक्स ११६. म्हणजे एका टायरला १,२५० किलो, २,७५६ पौंड. हा मोटारीच्या वर्गातला टायर पिकअपला लावला की क्षमता १.१० ने भागायची असा नियम आहे. उरले २,५०५. दोन टायरचे मिळून ५,०१०. एक्सल ३,८०० ला हात टेकतो आणि टायर अजून बाराशे पौंड घ्यायला तयार असतात! म्हणजे 'वजन ओढायचंय तर दहा-प्लायच हवा' हे एफ-१५० सारख्या हाफ-टन (हलक्या वर्गातल्या) ट्रकच्या बाबतीत हिशेबात बसत नाही. त्याचा जड भाऊ एफ-२५० असता तर गोष्ट वेगळी, तिथे स्टिकरच एलटी (लाइट ट्रक, म्हणजे ट्रकच्या वर्गातला) टायर मागतो.

(दहा-प्लाय म्हणजे आत दहा थर असतात असंही नाही. सुती दोऱ्याच्या काळातलं ते माप नावापुरतं उरलंय. आज त्याचा अर्थ एवढाच, की लोड रेंज ई, हवा ८० पीएसआयपर्यंत.)

मग एलटी टायर घ्यायचाच नाही का? उन्हाळ्यासाठी जरूर घ्या, पण कारण वेगळं आहे. त्याची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, ताठ असते. लांबोडा ट्रेलर मागे असताना बाजूने मोठा ट्रक सुसाटत गेला की पुढचा-मागचा सगळा संसार डोलतो, ते डोलणं ताठ टायरवर कमी जाणवतं. शिवाय कॅम्पग्राउंडच्या खडीच्या रस्त्यांवर तो सहजी कापला जात नाही. मी स्वतः उन्हाळ्यात एलटीच वापरतो.

पण यात एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलेलो आहे. पहिल्यांदा एलटी ई बसवले तेव्हा दुकानातल्या पोराने दाराचा स्टिकर बघून हवा भरली, ३५. त्याने त्याच्या मते नियमच पाळला. पण तो आकडा मूळ टायरसाठी असतो. एलटी टायर त्याच हवेवर मूळ टायरपेक्षा कमी वजन पेलतो. २७५/६५आर१८ मध्ये मूळ टायरचे ते २,५०५ पौंड एलटीकडून हवे असतील तर जवळपास ५० पीएसआय लागतात. मी जास्त पैसे मोजून, जास्त जड टायर घालून, प्रत्यक्षात ट्रकची ताकद कमी करून घेतली होती. जुलैत ब्रिटिश कोलंबियातल्या रेडियम गावाकडे निघालो, मागे ट्रेलर, ट्रक रबराच्या बदकासारखा डुलतोय. थांबून मागच्या टायरला हात लावला तर चटका बसला. त्यातच हवेच्या दिव्याचा इशारा स्टिकरच्या आकड्यावर बेतलेला असतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल होतं. सांगलीला आमच्या मामांचा ट्रान्सपोर्ट होता, ते टायरला लाथ मारून हवा सांगायचे. लोड रेंज ईच्या टायरला लाथ मारली तर पायच दुखतो, हवा ३५ असो की ७०. हवा मोजायचा चांगला गेज घ्या.

आता हिवाळा, म्हणजे तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा.

तीन शिखरं आणि मध्ये हिमकण हे चिन्ह फसवं नाही, पण अपुरं आहे. आपल्याकडे उत्तर अमेरिकेत ते मिळतं ते दाबलेल्या बर्फावर सरळ रेषेत वेग घेण्याच्या चाचणीवर. थांबण्याची चाचणी त्यात नाही, वळण्याची नाही, आणि गुळगुळीत गोठलेल्या रस्त्याची तर नाहीच. नुसतं एम+एस (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) असेल तर त्यामागे चाचणीही नसते, ते नक्षीच्या रचनेवरून लिहितात. ब्रिटिश कोलंबियात १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल घाटरस्त्यांवर हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि तिथे दोन्ही खुणा चालतात, फक्त नक्षी किमान ३.५ मिलिमीटर हवी. म्हणजे दुकानदाराचा सेट घालून तुम्ही कायद्याने केलोनाला जाऊ शकता. तुमच्या अल्बर्टा प्रांतात तर सक्तीच नाही. पण कायद्यात बसणं वेगळं आणि उतारावर थांबणं वेगळं.

फरक रबराचा आहे. साधारण ७ अंशांखाली नेहमीचं रबर कडक होत जातं. हिवाळी टायरचं रबर उणे पंचवीसलाही मऊ राहतं आणि त्यावर बारीक चिरांची दाट जाळी असते. ऑल-टेरेनचे ठोकळे मोठे, चिरा कमी. ताज्या भुसभुशीत बर्फात तो छान चालतो, म्हणून तर लोक त्याची तारीफ करतात. कॅलगरीचं दुखणं मात्र भुसभुशीत बर्फ नाही, चिनूक आहे. दुपारी उबदार वारा येऊन सगळं वितळतं, रात्री तेच पाणी गोठतं आणि सकाळी डीअरफूट हायवेवर काचेसारखा थर. तिथे मोठे ठोकळे काही कामाचे नाहीत.

आणि तुमचा ट्रक हिवाळ्यात किती दिवस ट्रेलर ओढणार? महिन्यातून दोन दिवस. बाकी अठ्ठावीस दिवस तो मोकळा, मागचा भाग हलका. दहा-प्लायचा ताठ टायर मोकळ्या ट्रकखाली रस्त्याला नीट टेकतच नाही, गोठलेल्या खाचांवर मागची चाकं उड्या मारतात. ज्या दोन दिवसांसाठी तो घ्यायचा, त्या दिवशीही वर दाखवल्याप्रमाणे त्याच्या ताकदीची गरज नाही. म्हणून माझा सल्ला: मूळ मापातला, ११६ लोड इंडेक्सचा खरा हिवाळी टायर. मिशेलिनचा एक्स-आइस स्नो, ब्रिजस्टोनचा ब्लिझॅक, नोकियनचा हाक्कापेलिट्टा, यातला जो मापात आणि भावात बसेल तो. ब्लिझॅकचं खास रबर साधारण अर्ध्या झिजेपर्यंतच असतं, त्यानंतर नक्षी दिसत असली तरी गुण गेलेला असतो, हे लक्षात ठेवून किंमत तोला. नोकियनबद्दल मला जरा माया आहे हे कबूल करतो. फिनलंडच्या या कंपनीने १९३४ मध्ये पहिला हिवाळी टायर काढला तो ट्रकसाठीच.

खिळेवाले टायर? अल्बर्टात चालतात, ब्रिटिश कोलंबियात ऑक्टोबर ते एप्रिल चालतात. पण चिनूकमुळे कॅलगरीचे रस्ते अर्धा हिवाळा कोरडे असतात, कोरड्यावर ते आवाज करतात आणि पकडही कमी. पलीकडे डोंगरातल्या गोल्डन गावात राहत असतात तर घ्या म्हटलं असतं.

सेट वेगळ्या रिमवरच चढवा. दर ऑक्टोबरला टायर रिमवरून काढ-घाल करण्यात पैसे जातात आणि टायरची कडही दुखावते. चाकं स्वतः बदललीत तर नट १५० फूट-पौंडांवर आवळा आणि शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा तपासा.

थंडीत हवा किती पडते याचा लोकांना अंदाज नसतो. गरम गॅरेजमध्ये २० अंशांना ३५ भरलीत आणि बाहेर उणे २५ असेल, तर रस्त्यावर ती २७-२८ वर येते. ६५ भरलेल्या ट्रेलरच्या टायरमधून याच हिशेबाने बारा गेलेले असतात. हवा बाहेरच्या थंडीत, गाडी रात्रभर उभी असताना मोजा.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत ते. ट्रकला जगातले उत्तम टायर घातलेत, पण ट्रेलरखाली काय आहे? बहुतेक एसटी (स्पेशल ट्रेलर, खास ट्रेलरसाठीचे) टायर असतील. ते वजन पेलण्यासाठी बनवलेले असतात, थंडीसाठी नाही. उणे वीसला ते लाकूड होतात. चारपाच वर्षांपूर्वी नोव्हेंबरात किकिंग हॉर्स पास ओलांडून गोल्डनकडे उतरत होतो, फील्डच्या अलीकडच्या उतारावर. ट्रेलरच्या ब्रेकचा गेन, म्हणजे ट्रकमधल्या कंट्रोलरवर ठरवलेला ब्रेकचा जोर, उन्हाळ्याचाच राहिला होता. हलकासा ब्रेक दाबला, ट्रेलरची चाकं जागीच जाम झाली आणि आरशात मला माझाच ट्रेलर शेजारच्या लेनमध्ये येताना दिसला. ब्रेक सोडला, तो हळूहळू मागे रांगेत आला. समोरून कोणी नव्हतं म्हणून हे सांगायला आहे.

गेन कमी करावा लागतो, पण अगदी शून्यावरही नाही, नाहीतर ट्रेलर मागून ढकलतो आणि ट्रक कात्रीसारखा दुमडतो. घाट सुरू व्हायच्या आधी, मागे कोणी नसताना, हळू वेगात नुसत्या कंट्रोलरने ट्रेलरचा ब्रेक लावून बघा. चाकं घसरायच्या जरा अलीकडे ठेवा. रस्ता बदलला की पुन्हा बघा. क्रूझ कंट्रोल बंद. निसरड्यावर फोर-व्हील चालू ठेवा, कारण टू-व्हीलमध्ये टो-हॉल मोड (ट्रेलर ओढताना लावायचा गिअरचा मोड) गिअर खाली टाकतो तेव्हा इंजिनचा सगळा ब्रेक मागच्या दोन चाकांवर येतो. २०२३ च्या अखेरीस किकिंग हॉर्स कॅन्यनचं चौपदरीकरण पूर्ण झाल्यापासून तो पट्टा इतका सोपा वाटतो की वेग आपोआप वाढतो. पुढे रॉजर्स पासला कडे तेवढेच आहेत. तिथे हिमकडे पाडायला लष्कराच्या तोफा लागतात आणि तोवर रस्ता बंद असतो, म्हणून गाडीत जेवण आणि ब्लँकेट ठेवा.

तुमच्या मालाच्या ट्रेलरची चाकं १६ इंची असतील तर डिलिव्हरी व्हॅनसाठीचे एलटी२२५/७५आर१६ मापाचे हिवाळी टायर मिळतात. रिमला तेवढी हवा चालते का ते बघून मी माझ्या ट्रेलरला तेच घातलेत. इथे मात्र लोड रेंज ई हवाच, कारण तो बिचारा कायम भरलेलाच असतो.

वजनाची एक बाजू राहिली. साडेचार हजारांच्या ट्रेलरचं हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या आकड्यावर, सुमारे ५५० पौंड वजन येतं. पण हिच एक्सलच्या मागे असल्याने मागच्या एक्सलवर त्याहून जास्त भार पडतो आणि तेवढाच पुढचा भाग उचलला जातो, तराजूसारखं. पुढची चाकं हलकी झाली की बर्फात स्टिअरिंग ऐकत नाही, मग टायर कोणतेही असोत. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (तो भार पुन्हा पुढच्या चाकांवरही वाटणारी) उन्हाळ्याच्या ट्रेलरला असेल तर हिवाळ्यातही लावा, फक्त मालाच्या ट्रेलरला ती बसते का ते आधी बघा.

या शनिवारी भरलेला ट्रेलर जोडून ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर जा, पेट्रोलची टाकी फुल आणि घरची मंडळी आत. पावतीवर पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि ट्रेलर वेगवेगळे येतात. ते तीन आकडे, दाराच्या स्टिकरचा फोटो आणि ट्रेलरच्या टायरवरचे तारखेचे चार अंक इथे टाका. पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष. ट्रेलरचे टायर सहा वर्षांहून जुने निघाले तर ट्रकचे टायर राहू द्या, आधी तेच बदलावे लागतील.