गणपतीला ये, दिवाळीचं तिकीट काढू नकोस

ऑक्टोबर २०२६ पासून तुझं जर्मनीत मास्टर्स सुरू होतंय आणि अॅडमिशन लेटरवर विंटर सेमिस्टर ३१ मार्चला संपतं असं छापलंय, तर मधे पुण्याला कधी येता येईल, असं तू विचारलंयस. आई दिवाळीचं म्हणतेय, चुलत बहिणीचं लग्न डिसेंबरात घाटतंय आणि बाबांना आत्ताच रिटर्न तिकीट काढून मोकळं व्हायचंय. आधी बाबांना थांबव, मग बाकीचं वाच.

लेटरवरची तारीख कारभारापुरती असते. तिथल्या युनिव्हर्सिटीचं वर्ष १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि १ एप्रिल ते ३० सप्टेंबर असं विभागलेलं असतं, आणि तुझं ओळखपत्र, बस-ट्रेनचा पास, सेमिस्टरची फी हे सगळं त्या हिशोबानं चालतं. प्रत्यक्ष तास भरतात ते ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत, आणि पुढे एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत. नाताळात साधारण दोन आठवडे बंद. नेमक्या तारखा राज्यागणिक आणि युनिव्हर्सिटीगणिक बदलतात. तुझं कॉलेज ‘होखशूले’ प्रकारातलं, म्हणजे संशोधनापेक्षा प्रत्यक्ष कामावर भर देणारं असेल, तर सगळं काही आठवडे अलीकडे सरकतं आणि उन्हाळी सेमिस्टरचे तास मार्चच्या मध्यालाच सुरू होतात. तू यातलं कुठलं ते लिहिलं नाहीस, म्हणून पुढे दोन्ही धरून सांगते.

कागदावर पाहिलंस तर फेब्रुवारी ते एप्रिल दोन महिने मोकळे आणि जुलै ते ऑक्टोबर चांगले अडीच. इथेच आपली पुण्याची मुलं फसतात. आपल्याकडे पेपर झाले की सुट्टी लागते. तिथे तास संपतात आणि त्या ‘सुट्टीत’ पेपर असतात. काही विषयांचे पेपर तास संपल्यावर लगेच दोन आठवड्यांत उरकतात. पण बऱ्याच टेक्निकल युनिव्हर्सिट्यांत ते सुट्टीभर विखुरलेले असतात: एक फेब्रुवारीच्या मध्यात, एक मार्चच्या सुरुवातीला आणि तिसरा थेट मार्चअखेर. त्यात सलग लॅब, ब्लॉक सेमिनार (काही दिवसांत सलग उरकले जाणारे), जमा करायचे लांबलचक निबंध. मार्चमध्ये दोन महिने घरी येते म्हणून सांगून गेलेली मुलं शेवटी बारा-पंधरा दिवस येतात, आणि तेही लॅपटॉप उघडा ठेवून.

म्हणून तिकीट काढायचं ते शेवटच्या पेपरची तारीख पोर्टलवर दिसल्यावर. परीक्षेसाठी वेगळी नोंदणी करावी लागते आणि ती सेमिस्टरच्या मधेच एका ठरावीक मुदतीत उघडते. माघार घ्यायचीही मुदत असते. ती उलटल्यावर पेपरला गेली नाहीस तर बहुतेक ठिकाणी नापास धरतात आणि एक संधी खर्ची पडते. साधारणपणे एका विषयाला तीनच संधी असतात. आजारपणाचा डॉक्टरी दाखला चालतो, विमानाचं तिकीट दाखवून काही उपयोग नाही. थांबल्यामुळे भाडं चढेल हे मान्य, पण संधी गमावण्यापेक्षा ते परवडतं. तोवर अंदाज हवा असेल तर तुझ्या विभागाचं मागच्या वर्षीचं परीक्षेचं वेळापत्रक शोध. प्राध्यापक आपला पेपर साधारण त्याच आठवड्यात ठेवतात.

आता कालनिर्णय आणि त्यांचं कॅलेंडर शेजारी ठेवून बघ. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळे सण पुढे गेलेत. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे तुझे तास सुरू होऊन जेमतेम तीन-चार आठवडे झालेले असतील. पुढच्या वर्षी ते २९ ऑक्टोबरला येतं, तेव्हाही तास चालूच. दिवाळी कितीही मागेपुढे सरकली तरी तासांच्या आसपासच घुटमळते, त्यामुळे शिकतेस तोवर तिच्यावर पाणी सोड. आईला हे आत्ताच सांग, ऐन वसुबारसेला नको. फराळ पार्सलनं येतो. चकल्यांचा चुरा होतो, पण येतो.

गणपतीचं गणित मात्र छान जुळतं. २०२७ मध्ये चतुर्थी ४ सप्टेंबरला आहे. युनिव्हर्सिटीत त्या वेळी तास नसतात, आणि तुझे पेपर ऑगस्टमध्ये संपत असतील तर अख्खा उत्सव पदरात पडतो. होखशूलेत असशील तर नव्या सेमिस्टरचे तास केव्हा सुरू होतात ते आधी बघ. काही ठिकाणी सप्टेंबरअखेरच ते लागतात. आणखी एक योग आहे: २०२७ चा गुढीपाडवा ७ एप्रिलला येतोय. युनिव्हर्सिटीत असलीस आणि शेवटचा पेपर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत झाला, तर पाडवा करून तासांना वेळेवर पोचता येईल. होखशूलेवाल्यांना तो मिळणार नाही.

लग्नाचं म्हणशील, तर तारीख अजून पक्की नाही ही चांगली गोष्ट आहे. काकूंना सांग, डिसेंबरच नक्की असेल तर २५ नंतरचा मुहूर्त बघा. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तास भरात असतात. लेक्चरला हजेरी फारशी कुणी घेत नाही, पण लॅब आणि सेमिनारला घेतात, आणि पहिल्याच सेमिस्टरला लॅब बुडवून आलीस तर ती पुन्हा करायला वर्ष जातं. नाताळातली भाडी सगळ्यात चढी असतात हेही घरच्यांच्या कानावर घाल. सख्ख्या बहिणीचं असतं तर काय वाटेल ते करून ये म्हटलं असतं. चुलत बहिणीसाठी मी तरी मार्चच्या मुहूर्ताचा आग्रह धरीन. लग्न आणि पाडवा एकाच तिकिटात होईल.

यापेक्षा जास्त डोकेदुखी कागदांची. तुझा व्हिसा किती महिन्यांचा मिळतो ते बघ, काहींना तीन महिन्यांचा मिळतो, काहींना सहा, काहींना वर्षाचा. तो संपायच्या आत परदेशी नागरिकांच्या कार्यालयात रेसिडेन्स परमिटचा अर्ज करायचा असतो, आणि मोठ्या शहरांत अपॉइंटमेंटच महिनोन्‌महिने मिळत नाही. मधल्या काळासाठी ते एक घडीचा कागद देतात, त्याला ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’ म्हणतात. आत तीन चौकोन असतात. तिसऱ्यावर खूण असेल, म्हणजे तिथल्या निवास कायद्याचं कलम ८१ परिच्छेद ४, तर बाहेर जाऊन परत येता येतं. पहिल्यावर खूण असेल तर त्या कागदावर परत येता येत नाही. नुसती अर्ज मिळाल्याची ईमेल किंवा अपॉइंटमेंटचं पत्र घेऊन व्हिसा संपल्यावर पुण्याला आलीस, तर अडकलीस. आणि खूण बरोबर असली तरी मुंबई विमानतळावर तासभर आधीच जा. माझ्या वेळी काउंटरवरच्या मुलीनं तो कागद उलटसुलट करून पाहिला, मग वरिष्ठांना फोन लावला, आणि माझ्या मागची रांग दुसऱ्या काउंटरकडे वळली. व्हिसाचा जुना स्टिकर, अर्जाची प्रत आणि युनिव्हर्सिटीचा चालू दाखला, तिन्ही हातातल्या बॅगेत ठेव, चेक-इनच्या बॅगेत नाही.

घरी येण्यापूर्वी दोन-तीन गोष्टी उरकायच्या. पुढच्या सेमिस्टरची फी भरून नोंदणी चालू ठेवावी लागते. तिची मुदत बहुधा तू घरी असशील त्याच सुमारास येते, आणि ती चुकवली तर नाव कमी होईपर्यंत पाळी येऊ शकते. तिथला सरकारी आरोग्य विमा भारतात चालत नाही, म्हणून थोड्या युरोंत प्रवासाचा विमा घे. उन्हाळ्यात दोन महिने यायचं ठरलं तर खोली कुणाला तात्पुरती देता येईल का ते हॉस्टेलला आधी लेखी विचार. कामाचंही बघावं लागेल: विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आणि मुलं ऑगस्ट-सप्टेंबरात पूर्ण वेळ काम करून पैसे गाठीला बांधतात. गणपतीला आलीस तर ती कमाई थोडी कमी होणार. मला विचारशील तर होऊ दे.

बाबांच्या रिटर्न तिकिटाबद्दल: जाताना एकेरीच काढा, स्टुडंट फेअरचं. त्यात सहसा एखादी बॅग जास्त मिळते आणि तारीख बदलायची सोयही असते, पण अटी वाचून घ्या. गणपतीला येशील तेव्हा परतीचं विमान अनंत चतुर्दशीचं किंवा दुसऱ्या दिवशी सकाळचं घेऊ नकोस. मिरवणुकीमुळे पेठांतले रस्ते दुसऱ्या दिवसापर्यंत बंद असतात, कॅबवाला लक्ष्मी रोडच्या आसपास यायलाच तयार होत नाही, आणि पाऊस असला तर बोरघाटात गाडी किती वेळ उभी राहील याचा काही नेम नाही. मधे एक दिवस मोकळा ठेव आणि शक्य झालं तर आदल्या रात्रीच मुंबईला कुणाकडे तरी जाऊन राहा.