नावाला पीडीएफ, आत वेबपान

प्रश्न : मी प्राणिशास्त्रात पीएच.डी. करतेय. विद्यापीठात बसलं की संशोधन-पेपर उघडतात, घरी लातूरला आलं की प्रत्येक पान पैसे मागतं. विभागाच्या लिनक्स सर्व्हरवर मला एसएसएच, म्हणजे दुरून टर्मिनलवरून काम करायचं, लॉगिन आहे. डीओआयची, म्हणजे प्रत्येक पेपरच्या ओळख क्रमांकाची, यादी करून तिथून डब्ल्यूगेट हा फाइली उतरवणारा प्रोग्रॅम चालवला. फाइली आल्या, नावापुढे पीडीएफही लागलं, पण एकही उघडत नाही. काय करू, ताई?

उत्तर : तुमच्या फाइली बिघडलेल्या नाहीत, त्या पीडीएफ नाहीतच. सर्व्हरवर ‘फाइल’ ही कमांड देऊन पुढे त्यातल्या एकीचं नाव लिहा, ‘एचटीएमएल डॉक्युमेंट’ असं उत्तर येईल. डीओआयचा दुवा साधारणपणे पेपरच्या माहितीपानावर नेतो. डब्ल्यूगेटनं ते पानच उतरवलं आणि तुम्ही दिलेलं नाव त्याला लावलं. काही प्रकाशक तर समोर खरा ब्राउझर आहे का हे आधी तपासतात, तिथे माहितीपानही हाती येत नाही.

आता यादीकडे वळू. ती आधी अनपेवॉल या पेपरांच्या मोफत प्रती शोधणाऱ्या सेवेच्या एपीआयला, म्हणजे प्रोग्रॅमनं प्रश्न विचारायच्या खिडकीला, दाखवा. कर्ल या कमांडने डीओआय आणि तुमचा ईमेल पाठवला की जेसन या मजकुराच्या साच्यात उत्तर येतं; मोफत आणि कायदेशीर प्रत कुठे असेल तर तिचा पत्ता त्यात असतो. जेसन वाचणाऱ्या जेक्यू या कमांडने तेवढा वेगळा काढा. पबमेड सेंट्रल या मोफत संग्रहातल्या किंवा एखाद्या विद्यापीठाच्या भांडारातल्या प्रती अशा सापडतात. आमच्या ग्रंथालयात येणाऱ्या प्रत्येक संशोधकाला मी पहिल्यांदा हेच करायला लावते.

उरलेल्या पेपरांसाठी विद्यापीठाचा प्रवेश लागेल. तो बहुतेक ठिकाणी आयपी पत्त्यावर, म्हणजे इंटरनेटवरच्या संगणकाच्या क्रमांकावर, चालतो : विनंती आवारातून आली की दार उघडतं. म्हणून घरच्या टर्मिनलवर एसएसएचला ‘डॅश कॅपिटल डी १०८०’ हा पर्याय देऊन सर्व्हरशी जोडून घ्या; घरापासून सर्व्हरपर्यंत जणू एक बोगदा तयार होतो. फायरफॉक्सच्या प्रॉक्सी (मध्यस्थ) सेटिंगमध्ये सॉक्स व्ही-५ हा प्रकार, लोकलहोस्ट, पोर्ट १०८० भरा आणि डीएनएसही, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणंही, प्रॉक्सीतूनच जाईल अशी खूण करा. घरी बसून तुम्ही आवारातल्या वाचक होता, आणि ब्राउझर खरा असल्यानं तपासणीचं पानही आडवं येत नाही. कर्ललाही ‘सॉक्स५-होस्टनेम’ या पर्यायानं हाच रस्ता देता येतो. डब्ल्यूगेटला सॉक्स येत नाही, त्यात वेळ घालवू नका. मात्र सर्व्हर सांभाळणाऱ्यांना आधी विचारा. तो विभागाचा आहे.

ग्रंथालयात इन्फेड खात्याचीही, म्हणजे संस्थेच्या ओळखीवर बाहेरून लॉगिन करायच्या खात्याचीही, चौकशी करा. जानेवारी २०२५पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या सरकारी योजनेखाली केंद्र आणि राज्य सरकारच्या शिक्षणसंस्थांना ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार नियतकालिकं खुली झाली आहेत. तुमचं विद्यापीठ त्यात असेल तर या खात्यानं घरूनच लॉगिन होतं, बोगदा खणावा लागत नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. संपूर्ण यादी एका लूपमध्ये टाकून रात्रभर चालवू नका. करारांत असं सरसकट यांत्रिक उतरवणं बहुधा मना असतं, आणि तो आयपी पत्ता तुमच्या एकटीचा नाही. ॲरन स्वार्ट्झ या अमेरिकी प्रोग्रॅमरच्या पेपर उतरवणाऱ्या स्क्रिप्टमुळे ऑक्टोबर २०१०मध्ये जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहानं संपूर्ण एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाचा प्रवेश काही दिवस बंद ठेवला होता. आमच्याकडेही एका प्रकाशकानं असंच केलं, तेही प्रबंध जमा करण्याच्या आठवड्यात. ग्रंथालयात रडकुंडीला आलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांनी काहीच केलं नव्हतं. या आठवड्यात वाचायचे आहेत तेवढेच पेपर हातानं उघडा. शेकडो पेपरांचा मजकूर संगणकाकडून तपासून घ्यायचा असेल, तर काही प्रकाशक त्यासाठी वेगळा एपीआय आणि चावी देतात. ती ग्रंथपालांमार्फत मागा.

एवढं करूनही जे मिळणार नाहीत, त्यांच्या लेखकांना दोन ओळींचा मेल टाका. माहितीपानावर पत्रव्यवहाराचा पत्ता असतो, आणि त्यातली बरीचशी पानं तुम्ही उतरवून ठेवलेलीच आहेत.