विम्याने ‘टोटल लॉस’ ठरवलेली गाडी माझ्या नावावर होईल का?

प्रश्न : मी मिरज तालुक्यात राहतो. गेल्या वर्षी जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडून पुरात बुडालेली हॅचबॅक १ लाख ४० हजारांना घेतली. विमा कंपनीने ती टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती परवडणार नाही अशी, ठरवली होती आणि आपण ती बोलीत घेतली, हे त्याने तेव्हाच सांगितलं होतं. ‘नावावर सहज होईल’ असंही म्हणाला होता. दुरुस्तीला आणखी १ लाख १० हजार गेले. गाडी आता छान चालते. व्यापाऱ्याने मला आरसी (नोंदणी प्रमाणपत्र), मूळ मालकाची सही असलेले, गाडी नावावर करायचे कोरे फॉर्म २९ व ३० आणि एक पावती दिली आहे. नावावर करायला गेलो तर ओटीपी मूळ मालकाच्या मोबाइलवर जातो आणि आरसीवर बँकेचा बोजाही दिसतो. मूळ मालक चिपळूणचे आहेत. ते फोनवर म्हणाले, ‘मी तर आरसी रद्द करायचं कंपनीला लिहून दिलंय.’ एजंट म्हणतो, लिलावातली गाडी आहे, फॉर्म ३२ भरू, मालकाची गरजच नाही. माझा भाऊ टेक्सासला असतो. तिथे अशा गाडीला दुरुस्तीनंतर नवीन टायटल, म्हणजे मालकीचं प्रमाणपत्र, मिळतं म्हणे. आपल्याकडे काय करायचं? तोपर्यंत गाडी वापरली तर चालेल का?

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याला उशीर चालणार नाही. गाडी आजपासून रस्त्यावर काढू नका. गॅरेजला न्यायची असेल तरी टो करून न्या.

तुमच्या पत्रात गाडीच्या आजच्या विम्याचा उल्लेखच नाही. टोटल लॉसची रक्कम दिली की कंपनी त्या गाडीची पॉलिसी बंद करते, म्हणजे नवी काढली नसेल तर तुमची गाडी विनाविमा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो नसल्याचा पहिला दंड २ हजार रुपये, सोबत तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पण मला काळजी दंडाची नाही. उद्या कुणाला धक्का लागला आणि अपघात दावा प्राधिकरणाने लाखांची भरपाई ठरवली, तर मागे उभी राहायला विमा कंपनी नाही. गाडी चालवणारे म्हणून तुम्ही जबाबदार आणि नोंदणीकृत मालक म्हणून चिपळूणचे गृहस्थही जबाबदार. शिवाय नोंदणी खरोखरच रद्द झालेली असेल, तर कलम ३९ खाली विनानोंदणी गाडी चालवल्याचा गुन्हा वेगळा.

आता मूळ प्रश्न. भाऊ सांगतात ते टेक्सासपुरतं बरोबर आहे. तिथे भंगारात काढलेल्या गाडीला सॅल्व्हेज टायटल मिळतं, दुरुस्तीचा तपशील दिल्यावर ‘रिबिल्ट’ असा शिक्का असलेलं टायटल मिळतं आणि तो शिक्का गाडीला कायमचा चिकटतो. आपल्या कायद्यात हा मधला टप्पाच नाही. नोंदणी एकतर चालू असते किंवा रद्द. चालू असेल तर टोटल लॉस झालेली गाडीही इतर जुन्या गाडीसारखीच नावावर होते. रद्द झाली असेल तर दुरुस्त करून पुन्हा नोंदवून घ्यायचा सरळ मार्ग नाही. मला ही कायद्यातली मोठी उणीव वाटते. जोडलेली गाडी सुरक्षित आहे की नाही हे सरकारतर्फे कुणी तपासत नाही आणि पुढच्या ग्राहकाला तिचा इतिहास कळत नाही. पण आज कायदा असा आहे आणि तुम्हाला त्यातूनच वाट काढायची आहे.

म्हणून गाडीची नोंदणी आज कोणत्या स्थितीत आहे हे सर्वांत आधी शोधा. परिवहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर क्रमांक टाकून पाहा. तेवढ्यावर न थांबता ज्या आरटीओत गाडी नोंदलेली आहे तिथून नोंदणीचा तपशील लेखी मागवा. नोंदणी चालू आहे का, रद्द करण्याचा अर्ज प्रलंबित आहे का, बोजा कोणत्या बँकेचा आहे, गाडी काळ्या यादीत आहे का आणि थकीत ई-चलन किती, हे सगळं त्यातून कळायला हवं.

दुसरी चौकशी विमा दाव्याच्या कागदांची, आणि तुमच्या प्रकरणाचा निकाल बहुधा त्यातच दडलेला आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांपुढे गेला की कंपनी तिला टोटल लॉस मानते. चार लाख आयडीव्हीच्या गाडीचा दुरुस्ती-अंदाज सव्वातीन लाख आला तर दुरुस्तीपेक्षा रक्कम देऊन मोकळं होणं कंपनीला परवडतं. मग सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीचा अंदाज काढणारा, गाडीच्या सांगाड्यासाठी बोली मागवतो. ही बोली दोन प्रकारची असते, आरसीसह आणि आरसीशिवाय. आरसीसह असेल तर भाव जास्त येतो, कारण घेणारा गाडी जोडून चालवणार असतो. आरसीशिवाय असेल तर भाव पडतो, कारण घेणाऱ्याला फक्त सुटे भाग मिळणार असतात. त्या वेळी कंपनी मालकाकडून नोंदणी रद्द केल्याचा पुरावा मागते. चिपळूणचे गृहस्थ ‘लिहून दिलंय’ म्हणतात त्यावरून व्यवहार आरसीशिवायचा असावा असं दिसतं. तसं असेल तर मूळ आरसी व्यापाऱ्याच्या हातात आली कशी? हा प्रश्न त्याला लेखी विचारा आणि तुमच्याजवळचं आरसी कार्ड अस्सल आहे ना, हेही आरटीओतून पडताळून घ्या.

मालकांचं म्हणणं अर्धवट असण्याचीही शक्यता आहे. कंपनीच्या गठ्ठाभर कागदांवर सह्या करताना कोणता कागद कशाचा हे कुणाच्या लक्षात राहत नाही. विमा कंपनीला लिहून देणं म्हणजे आरटीओत नोंदणी रद्द होणं नव्हे. कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी प्राधिकरणाला कळवून आरसी परत करायची असते, आणि मग नोंदणी रद्द करण्याचं काम ते प्राधिकरण करतं. तो अर्ज प्रत्यक्षात झालाच नसेल तर नोंदणी अजून चालू आहे.

इथे एक मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. कंपनीचा टोटल लॉस हा पैशांचा हिशेब असतो. कलम ५५ ला गाडी नष्ट झालेली किंवा कायमची वापरायोग्य न राहिलेली हवी असते. या दोन कसोट्या वेगळ्या आहेत. पुरात बुडून दुरुस्त झालेली आणि चालणारी गाडी दुसऱ्या कसोटीत सहज बसत नाही. म्हणून अर्ज प्रलंबित असल्याचं कळलं तर त्याच दिवशी त्या आरटीओकडे लेखी हरकत नोंदवा. सोबत खरेदीची पावती, पैसे दिल्याचा बँकेचा उतारा, दुरुस्तीची बिलं आणि गाडीचे फोटो जोडा, तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय आदेश करू नये अशी विनंती करा आणि पोच घ्या. आदेश होऊन गेला असेल तर कलम ५७ खाली आदेशाची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. मात्र खोटी आशा दाखवत नाही. मालकाने स्वतःहून नोंदणी रद्द करून घेतली असेल आणि कंपनीने त्याच अटीवर पैसे दिले असतील, तर तुमचं अपील टिकणं कठीण आहे.

नोंदणी चालू निघाली आणि व्यवहार आरसीसह असला, तर काम होण्यासारखं आहे. त्यासाठी मालकांची साथ हवी, तेव्हा त्यांच्याशी फोनवर वाद घालू नका. कुणाला तरी सोबत घेऊन चिपळूणला जा. त्यांना सांगण्यासारखी एक गोष्ट तुमच्याकडे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात ठरवलं, की गाडी कितीही हातांतून गेली तरी नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याने ‘मालक’ आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. त्या खटल्यातला मूळ मालक गाडी विकून मोकळा झालो असंच समजत होता. म्हणजे गाडी तुमच्या नावावर होणं ही तुमच्याइतकीच त्यांचीही गरज आहे. हे शांतपणे समजावलंत तर ते सही करतील आणि ओटीपीही देतील असं मला वाटतं.

त्यांच्याकडून दाव्याच्या मंजुरीचं पत्र, सांगाड्याच्या बोलीचा कागद आणि बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र मागा. गाडीवर कर्ज असलं की विम्याची रक्कम आधी बँकेकडे वळते, त्यामुळे कर्ज बहुधा फिटलेलं असेल, फक्त आरसीवरची नोंद काढायची राहिली असेल. तिच्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी लागते. व्यापाऱ्याने दिलेले कोरे फॉर्म वापरू नका आणि त्यांत स्वतःच्या हाताने नाव-तारीख तर मुळीच भरू नका. दुसऱ्याच्या कोऱ्या सहीवर आपण मजकूर भरला, की उद्या मालक ‘मी यांना गाडी विकलीच नव्हती’ म्हणाले तर प्रश्न तुमच्यावर उलटतो. नवे फॉर्म २९ आणि ३० दोघांनी मिळून भरा. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. तुमची मुदत उलटली आहे, पण त्याने हस्तांतरण अडत नाही, वाढीव रक्कम भरावी लागते इतकंच.

व्यापाऱ्याला एक गोष्ट विचाराच : तो आरटीओचा अधिकृत डीलर आहे का? १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी नवे नियम लागू आहेत. गाडी ताब्यात घेताना मालक आणि डीलर यांनी फॉर्म २९-सी भरून कळवलं, की तिथून पुढे डीलरच मालक मानला जातो आणि तो तुमच्या नावावर गाडी करून देऊ शकतो. तुमच्या बाबतीत तसं झालेलं दिसत नाही, पण खात्री करून घ्या.

एजंटच्या फॉर्म ३२ ला साफ नकार द्या. तो फॉर्म सरकारने किंवा सरकारच्या वतीने केलेल्या जाहीर लिलावातल्या गाडीसाठी आहे. विमा कंपनीने सांगाड्यासाठी मागवलेली बोली हा सरकारी लिलाव नाही, कंपनी सरकारी मालकीची असली तरीही नाही. खोट्या आधारावर मिळवलेली नोंदणी पुढे कलम ५५ खालीच रद्द होऊ शकते आणि अर्जावर सही तुमची असेल, एजंटची नाही.

हस्तांतरणाला चालू विमा लागतो. नवी पॉलिसी काढताना गाडी आधी टोटल लॉस झाली होती हे प्रस्तावातच लिहा. कंपनी फक्त थर्ड पार्टी विमा देईल, गाडीच्या नुकसानीचा देणार नाही, असं होऊ शकतं. तरी चालेल. लपवून घेतलेला पूर्ण विमा दाव्याच्या दिवशी नाकारला जातो. गाडी नावावर झाली की १४ दिवसांत पॉलिसीही नावावर करायला अर्ज द्या.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा चेसिस आणि इंजिन क्रमांक आरसीशी ताडून लेखी घ्या. टोटल लॉस गाड्यांचे कागद घेऊन त्यांचे क्रमांक त्याच मॉडेलच्या चोरीच्या गाड्यांवर ठोकण्याचे प्रकार देशात उघड झाले आहेत. पुरातल्या गाडीचा पत्रा शाबूत असल्याने हे पडताळणं सोपं जातं. क्रमांक खोडलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर हस्तांतरणाचा विचार सोडून आधी पोलिसांकडे जा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे चोरीचा माल समजून-उमजून जवळ ठेवणं हा गुन्हा आहे, आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे म्हणणं तुम्ही स्वतःहून गेलात तरच पटतं. दुरुस्तीत इंजिन बदललं असेल तर बिल जपून ठेवा, त्याची नोंद आरटीओत करावी लागते. सर्व्हिस सेंटरमध्येच एअरबॅग आणि एबीएस ब्रेकची तपासणीही करून घ्या. पाण्यात राहिलेली यंत्रणा वरून ठीक दिसते आणि गरज पडते तेव्हाच दगा देते. गाडीत मुलंबाळं बसणार आहेत.

नोंदणी रद्दच झालेली निघाली तर गाडीवर आणखी एक रुपयाही खर्च करू नका. तेव्हा दाद व्यापाऱ्याकडे मागायची. गाडी टोटल लॉस असल्याचं त्याने लपवलं नव्हतं, त्यामुळे त्या मुद्द्यावर तुमची तक्रार उभी राहणार नाही. ‘नावावर सहज होईल’ म्हणून रस्त्यावर चालवायची गाडी विकली आणि दिला तो निव्वळ सांगाडा, ही तुमची तक्रार. पावतीवर ‘स्क्रॅप’ किंवा ‘आहे त्या स्थितीत’ असं काही लिहिलंय का पाहा, कारण तो बचावासाठी त्याच शब्दांना धरेल. त्याचे व्हॉट्सॲप संदेश आणि गाडीची जाहिरात जपा, फोन बदलू नका.

वकिलामार्फत नोटीस द्या. गाडीची किंमत आणि दुरुस्तीचा बिलांसह खर्च मागा. पैसे आले नाहीत तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. व्यापारी ती खरेदीच्या तारखेपासून मोजायला लावेल, म्हणून तुम्हीही तीच तारीख धरून चला. तुमचं एक वर्ष जवळजवळ गेलं आहे, तेव्हा आरटीओचं लेखी उत्तर आलं की त्याच आठवड्यात नोटीस निघाली पाहिजे.