सर्व्हर नुसता सांगतो, जातो तो ब्राउझर

गणपती तोंडावर आले की गिरगाव-लालबागच्या मंडळांत कुठल्यातरी इंजिनिअरिंगच्या पोराच्या गळ्यात वेबसाइट पडते. त्यामुळे असेल, पण या खेपेच्या पत्रांत रीडायरेक्टचंच, म्हणजे एका पानावरून दुसऱ्या पानावर पाठवण्याचंच, पीक आलंय. चार निवडली आहेत. पहिल्याला जरा जागा जास्त दिली, कारण तो घोळ सगळ्यांच्याच वाट्याला येतो.

प्रश्न : मंडळाच्या वर्गणीसाठी पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत फॉर्म केला आहे. नाव, खोली नंबर, रक्कम भरून ‘जमा करा’ दाबलं की नोंद होऊन पावतीच्या पानावर जायला हवं. लॅपटॉपवर झॅम्पमध्ये (लॅपटॉपलाच सर्व्हर बनवणारं सॉफ्टवेअर) मस्त चालतं. होस्टिंगवर टाकलं की ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ अशी वॉर्निंग येते आणि पान तिथेच थांबतं. मग लोक रिफ्रेश मारतात आणि एका खोलीच्या दोन पावत्या निघतात. होस्टिंगवाले म्हणतात, चूक तुमच्या कोडमध्ये आहे. मित्र म्हणतो, जावास्क्रिप्टने पान बदल आणि मोकळा हो. काय करू?
— विद्यार्थी, लालबाग

उत्तर : होस्टिंगवाले बरोबर आहेत. हे वाक्य लिहायची वेळ माझ्यावर क्वचित येते, म्हणून आधीच लिहून टाकते.

सर्व्हरच्या उत्तरात आधी हेडर, म्हणजे ब्राउझरसाठीच्या सूचना, जातात, मग मजकूर. ‘अमुक पानावर जा’ ही सूचना म्हणजे लोकेशन नावाचा एक हेडर. मजकुराचं पहिलं अक्षर बाहेर पडलं की हेडरचं दार बंद. अक्षर म्हणजे मोठा परिच्छेदच हवा असं नाही, एक स्पेस किंवा रिकामी ओळही पुरते.

मग लॅपटॉपवर कसं चाललं? झॅम्पसोबत येणाऱ्या पीएचपी डॉट आयएनआय फाइलमध्ये आउटपुट बफरिंग ४०९६ वर ठेवलेलं असतं. म्हणजे पहिले ४०९६ बाइट पीएचपी हातात धरून ठेवतो आणि तेवढ्यात तुम्ही हेडर पाठवला तर तो खपून जातो. पीएचपीचं मूळचं मूल्य मात्र शून्य आहे आणि तुमच्या होस्टिंगवर बहुधा तेच असणार. चूक लॅपटॉपवरही होतीच, फक्त झाकलेली होती.

आता ती वॉर्निंग नीट वाचा. सगळे जण हेडरची ओळ शोधून तिच्याकडे डोळे लावून बसतात. त्याच वॉर्निंगमध्ये ‘आउटपुट स्टार्टेड ॲट’ असं लिहून पुढे एका फाइलचं नाव आणि ओळ दिलेली असते. खरा पत्ता तो. तिथे बघितलंत तर बहुतेक वेळा डेटाबेस जोडणीची फाइल निघते. तिच्या शेवटी पीएचपीची बंद करायची खूण असते आणि तिच्याखाली दोन-तीन रिकाम्या ओळी. खुणेनंतरची एक नवी ओळ पीएचपी गिळून टाकतो, दुसरी गिळत नाही. ज्या फाइलमध्ये निव्वळ पीएचपी आहे तिथे शेवटची खूण लिहूच नका. पीएसआर-१२ हा लेखनसंकेतही तेच सांगतो.

ओळ क्रमांक १ दाखवतोय आणि तिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, असं असेल तर संशय बीओएमवर (फाइलच्या सुरुवातीची न दिसणारी खूण) घ्या. आपल्या मराठी मंडळींना हा रोग जास्त. कोडमध्ये ‘आपली वर्गणी मिळाली’ लिहायचं म्हणून फाइल नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ (मराठी अक्षरंही साठवणारी पद्धत) करून सेव्ह केली जाते आणि जुना नोटपॅड फाइलच्या डोक्यावर ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट गुपचूप बसवतो. विंडोज १० च्या २०१९ मधल्या अपडेटनंतर नोटपॅडने ही सवय सोडली, पण मंडळाच्या कार्यालयातला पीसी कुठल्या काळातला आहे हे तुम्हालाच ठाऊक. व्हीएस कोड या एडिटरमध्ये फाइल उघडा, खालच्या पट्टीत ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ दिसलं तर त्यावर क्लिक करून साध्या यूटीएफ-८ मध्ये पुन्हा सेव्ह करा.

मित्राचा जावास्क्रिप्टचा सल्ला सोडून द्या. त्या रस्त्याने पोस्टचं (फॉर्म पाठवणाऱ्या मागणीचं) पान आधी ब्राउझरमध्ये उतरतं आणि मग पुढे सरकतं. मधेच नेट लोंबकळलं, माणसाने रिफ्रेश मारला, की पावती पुन्हा फाटली. फॉर्मच्या पोस्टला उत्तराचा कोड म्हणून ३०३ द्यावा. पीएचपीत नुसता लोकेशन लिहिलात तर ३०२ जातो. ब्राउझर त्यावरही गेटच (नुसतं पान मागवणं) करतात, पण ‘आता तिकडचं पान गेटने मागव’ हे स्पष्ट म्हणणारा कोड ३०३ आहे आणि तो १९९७ च्या एचटीटीपी १.१ पासून याच कामासाठी आहे. हेडर फंक्शनला तिसरा आर्ग्युमेंट ३०३ द्या.

झालं की नाही ते स्वतः बघा. क्रोममध्ये एफ-१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा, ‘प्रिझर्व्ह लॉग’ला टिक करा आणि फॉर्म भरा. पहिली ओळ पोस्टची, तिच्यापुढे ३०३. दुसरी पावतीच्या पानाची गेट, तिच्यापुढे २००, म्हणजे ‘ठीक’. आता रिफ्रेश दाबा. पुन्हा होते ती फक्त गेट, डेटाबेसला धक्का नाही.

एक मात्र राहतं. घाईत कुणी ‘जमा करा’ दोनदा दाबलं तर रीडायरेक्ट त्याला अडवणार नाही. त्यासाठी फॉर्म उघडतानाच त्यात एक लपलेला युनिक नंबर घाला आणि टेबलमध्ये त्या कॉलमवर युनिकचं बंधन टाका. दुसरी नोंद डेटाबेसच परत फिरवेल.

प्रश्न : आमच्या पतपेढीच्या साइटवर सभासदाची नोंद काढून टाकण्याचं पान आहे. सुरुवातीलाच लॉगिन तपासतो, नसेल तर लॉगिनच्या पानावर पाठवतो. लॉगआउट होऊन मी स्वतः तपासलं, बरोबर लॉगिनवरच जातं. तरीही लॉगिन नसताना नोंदी उडाल्या आहेत. संचालक मंडळाला काय सांगू?
— पतपेढीतले कर्मचारी, परळ

उत्तर : संचालकांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, कोडचं मी सांगते. हेडर पाठवल्यानंतरच्या ओळीत एक्झिट, म्हणजे ‘इथेच थांब’, लिहिलेलं नाही, पैजेवर सांगते.

वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवरचा कारकून ‘तीन नंबरला जा’ म्हणतो तेव्हा तो तुमचा हात धरून नेत नाही. जाता तुम्ही. आणि तुम्ही वळलात तरी हातातल्या तुमच्या कागदावर तो शिक्का मारायचा थांबतोच असं नाही. लोकेशन हेडर एवढंच करतो. पीएचपी तो लिहून ठेवतो आणि खालच्या ओळीवर जातो, खालच्या ओळीत डिलीट आहे, ते चालतं. तुमच्या डोळ्यांसमोर लॉगिनचं पान येतं तोवर नोंद गेलेली असते. म्हणून ब्राउझरमध्ये बघून केलेली तपासणी इथे कुचकामी.

कर्ल (कमांड लिहून पान मागवायचं साधन) वापरा. तो आपणहून रीडायरेक्टच्या मागे धावत नाही. छोटा आय (-i) हा पर्याय देऊन त्या पानाचा पत्ता टाका. खऱ्या डेटावर नको, कॉपीवर! वर ३०२ आणि लोकेशन दिसेल आणि त्याच्या खाली, जे कुणालाच दिसायला नको होतं ते सगळं पान उलगडेल.

दुसरी गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. नुसती लिंक उघडून नोंद उडत असेल, तर तेही बदला. लिंका उघडत फिरणं हे सर्च इंजिनच्या बॉटचं कामच आहे. नोंद काढणं हे पोस्टनेच व्हायला हवं, सोबत सीएसआरएफ टोकन, म्हणजे फॉर्म तुमच्याच साइटवरून आला याची गुप्त खूण.

फ्रेमवर्कवाल्यांनीही (तयार सांगाड्यावर साइट बांधणाऱ्यांनी) निर्धास्त राहू नये. लाराव्हेल आणि जँगोमध्ये रीडायरेक्ट ही एक वस्तू असते, ती रिटर्न करायची असते. रिटर्न विसरलात तर रीडायरेक्ट होतच नाही. एक्सप्रेसमध्ये उलट: रीडायरेक्ट जातो, पण फंक्शन पुढे चालत राहतं, अगदी तुमच्या पीएचपीसारखं. जावाच्या सर्व्हलेटमध्ये सेंडरीडायरेक्टचंही तसंच.

प्रश्न : आमचं साड्यांचं दुकान पावसात पाणी शिरल्यामुळे काही दिवस बंद होतं. तेव्हा मुख्य पानावरून ३०१ ने ‘दुकान बंद आहे’ या पानावर पाठवलं. आता तो कोड काढला, तरी जुन्या गिऱ्हाइकांना ‘बंद’च दिसतं. इनकॉग्निटोत उघडलं की बरोबर येतं.
— साइट सांभाळणारी, दादर

उत्तर : ३०१ म्हणजे ‘कायमचं हललं’. ब्राउझरने तुमच्यावर विश्वास ठेवला आणि लक्षात ठेवलं. आता मुख्य पान उघडायला सांगितलं की तो तुमच्या सर्व्हरला विचारतही नाही, त्यामुळे सर्व्हरवर तिथे काहीही बदलून त्या लोकांपर्यंत पोचणार नाही. प्रत्येकीला ‘कॅश साफ करा’ सांगत फिरणं तर अशक्य.

पण ‘बंद’च्या पानावर ती माणसं येतातच ना? तिथेच काम करा. ते पान ३०२ ने मुख्य पानावर पाठवा, मात्र पत्त्याला प्रश्नचिन्ह लावून मागे काहीतरी जोडा. ब्राउझरच्या लेखी तो वेगळा पत्ता ठरतो, लक्षात ठेवलेला नियम त्याला लागत नाही आणि दुकान उघडतं. नुसत्या मुख्य पत्त्यावर पाठवलंत तर मात्र दोन पानं एकमेकांकडे बोट दाखवत बसतील. ब्राउझर थोडा वेळ गोल फिरून ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ म्हणून हात वर करेल.

पुढच्या पावसाळ्यात ३०२ वापरा. त्याहून बरं म्हणजे रीडायरेक्ट न करता त्याच पत्त्यावर ५०३ (‘सध्या सेवा बंद’) आणि सोबत रिट्राय-आफ्टर (‘अमुक वेळाने पुन्हा या’) हेडर द्या. सर्च इंजिनलाही कळतं की बंद तात्पुरतं आहे. आणि कधी पत्ता खरोखर कायमचा बदललात आणि तिथे फॉर्मची पोस्ट येत असेल तर ३०८ घ्या. ३०१ वर ब्राउझर पोस्टचं गेट करून टाकतात आणि भरलेला मजकूर वाटेत गळतो.

प्रश्न : लॉगिन झाल्यावर माणूस ज्या पानावरून आला तिथेच परत जावा म्हणून पत्त्यातच ‘पुढे’ नावाचं व्हेरिएबल ठेवलं आहे. आमचे सर म्हणतात धोका आहे. पत्ता स्लॅशने सुरू होतो का हे मी तपासते. एवढं पुरे ना?
— बीएससी आयटी, विक्रोळी

उत्तर : नाही. दोन स्लॅशने सुरू होणारा पत्ताही स्लॅशनेच सुरू होतो आणि तो सरळ दुसऱ्या साइटवर जातो. एक स्लॅश आणि मागे उलटा स्लॅश दिला तरी ब्राउझर ते दोन स्लॅशच समजतात. मग कुणीतरी व्हॉट्सॲपवर तुमच्याच डोमेनची लिंक फिरवतो, लोक नाव ओळखीचं बघून लॉगिन करतात आणि पुढच्या क्षणी हुबेहूब दिसणाऱ्या नकली पानावर ‘पासवर्ड चुकला, पुन्हा टाका’ वाचतात. तुमच्या सरांचं म्हणणं हेच असणार.

पत्ता बाहेरून घेऊच नका. माणूस ज्या पानावरून आला ते सेशनमध्ये (सर्व्हरकडच्या त्याच्या तात्पुरत्या नोंदीत) ठेवा. पत्त्यातूनच न्यायचं असेल तर तुमच्या पानांची यादी करून तिच्याशी ताडून बघा, आणि यादीत नसलेलं काही आलं तर मुकाट्याने मुख्य पानावर पाठवा. आणि हो, त्या ओळीनंतर एक्झिट.